जुनी बेस आणि जुनी केलेली बेस

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या वाद्यांच्या ओढीविषयी जो लेख प्रसिद्ध झाला, तो मी आवडीने वाचला. लेखातील मजकुराबद्दल माझे फारसे म्हणणे नाही. म्हणणे आहे ते सोबतच्या छायाचित्राखाली छापलेल्या ओळीबद्दल. रंग उडालेली, धातूचे भाग काळवंडलेली आणि वरच्या कडेला लाकूड उघडे पडलेली एक बेस गिटार, म्हणजे खर्जाचे सूर देणारी गिटार, त्यात दिसते आणि खाली ‘१९६२ सालची दुर्मीळ बेस गिटार’ असे छापलेले आहे. त्या गिटारला पाच तारा आहेत, आणि वादकाच्या हनुवटीकडची तार सर्वांत जाड, म्हणजे खालच्या ‘बी’ सुराची आहे. ज्या फेंडर कंपनीच्या धर्तीवर ती बनवली आहे, त्या कंपनीची पहिली पाच तारांची बेस १९६५ साली आली आणि तिच्यातली पाचवी तार वरच्या ‘सी’ सुराची, म्हणजे सर्वांत बारीक होती. त्यामुळे छायाचित्रातील वाद्य १९६२ चे असणे शक्य नाही. ते हल्लीच बनवलेले आणि कारागिराने हाताने जुने केलेले वाद्य आहे. चूक लहान वाटेल, पण याच चुकीपायी लोकांचे पैसे बुडताना मी पाहिले आहेत, म्हणून हे पत्र थोडे विस्ताराने लिहितो.

मी तीसएक वर्षे वाद्यवृंदांत बेस वाजवली आणि आता दादरला घरीच गिटारांची दुरुस्ती करतो. ज्यांचा या वाद्याशी संबंध आलेला नाही अशा वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांनी १९५१ साली ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली. तोपर्यंत खर्जाचे काम माणसाहून उंच अशा डबल बेसकडे होते. तो गाडीत मावत नसे, आणि ढोल व पितळी वाद्यांच्या गलबल्यात त्याचा आवाज विरून जात असे. फेंडर यांनी चौतीस इंची तारांचे, सतारीसारखे पडदे असलेले आणि खांद्याला अडकवून वाजवता येणारे वाद्य दिले. पडद्यांमुळे सूर नेमका लागतो, म्हणून नाव ‘प्रिसिजन’. १९५७ साली तिचा पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेच्या संकेतात बदलणारा भाग, दोन तुकड्यांत विभागला गेला आणि १९६० साली दोन पिकअपची, मानेच्या टोकाशी जेमतेम दीड इंच रुंद असलेली ‘जॅझ बेस’ आली. आज जगात कोठेही बेस गिटार हातात घेतली, तर बहुतेक वेळा ती या दोघींपैकी एकीची लेक किंवा नात असते. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या बलाढ्य कंपनीने फेंडर विकत घेतली, उत्पादन वाढले, आणि पुढे वादकांमध्ये असे मत पक्के झाले की त्याआधीचा माल सरस. हे मत सर्वस्वी खरे नाही, कारण त्या काळातली हलकी कामेही माझ्या हातांखालून गेली आहेत. तथापि किमती त्या मतावरच ठरतात.

त्या काळच्या गिटारांवर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा पातळ थर असे. आपल्याकडे सुतारकाम आणि गाड्यांच्या रंगकामात ‘ड्युको’ हा शब्द सर्रास वापरला जातो. तो मुळात ड्यूपॉन्ट कंपनीच्या याच जातीच्या रंगाचे व्यापारी नाव आहे, आणि फेंडरचे खास रंग ड्यूपॉन्टच्या मोटारींच्या रंगतक्त्यावरून घेतलेले होते. हा रंग कधी पुरता स्वस्थ बसत नाही. वर्षानुवर्षे तो आकसत राहतो, पिवळा पडतो, म्हणून मूळचा पांढरा ‘ऑलिम्पिक व्हाइट’ आज सायीच्या रंगाचा दिसतो. खालचे लाकूड हवेप्रमाणे फुगते आणि आटते, आणि थंडीतून एकदम उबेत आलेल्या वाद्यावर केसासारख्या बारीक भेगांचे जाळे उमटते. साठच्या दशकाच्या अखेरीस फेंडरने जाड पॉलिएस्टरचा थर द्यायला सुरुवात केली आणि ही कहाणी थांबली. तो थर प्लॅस्टिकच्या वेष्टनासारखा आहे, तो भेगाळत नाही, आदळला तर त्याचा टवका उडतो.

जुन्या वाद्यांची किंमत सामान्य वादकाच्या आवाक्याबाहेर गेल्यावर नव्या वाद्याला जुने रूप देण्याची कल्पना पुढे आली. १९९५ साली फेंडरच्या कस्टम शॉपने, म्हणजे खास वाद्ये बनवणाऱ्या विभागाने, कॅलिफोर्नियातील व्यापारी प्रदर्शनात ‘रेलिक’ नावाने अशा गिटारी मांडल्या. कस्टम शॉपमधील जे. डब्ल्यू. ब्लॅक आणि बाहेरून काम करणारे व्हिन्स कुनेटो ही या कामाशी जोडलेली मुख्य नावे; पहिली काही वर्षे धड आणि माना कुनेटो यांच्या मिसूरी राज्यातील कारखान्यात जुन्या होत आणि जोडणी कॅलिफोर्नियात होई. २००९ साली फेंडरने ‘रोड वॉर्न’ मालिका काढली, तीत प्रिसिजन आणि जॅझ या दोन्ही बेस होत्या आणि त्या मेक्सिकोत बनत. वॉशिंग्टन राज्यातील ऑलिम्पिया येथील नॅश आणि जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील सँडबर्ग हे निर्माते हाताने जुन्या केलेल्या बेससाठी ओळखले जातात, आणि सँडबर्गच्या अशा बेसमध्ये पाच तारांच्याही असतात. हे सर्व उघडपणे चालते. आपले वाद्य नवे आहे आणि आपण ते जुने केले आहे, असे हे निर्माते स्वतः सांगतात आणि त्या श्रमाचे जादा पैसे घेतात.

त्या श्रमांविषयी आपल्या लेखात एक ओळही नव्हती, याचे मला वाईट वाटले. पुष्कळांची समजूत अशी की काचपेपर घेतला, चार ठिकाणी घासले आणि झाले. अशा घासलेल्या गिटारी मी पाहिल्या आहेत; त्या जुन्या दिसत नाहीत, मार खाल्लेल्या दिसतात. चांगला कारागीर आधी लॅकरचा थर मुद्दाम पातळ देतो आणि तो कडक होईपर्यंत थांबतो. मग थंड वायूचा फवारा मारून किंवा वाद्य शीतपेटीत ठेवून लगेच उष्णता देतो, तेव्हा रंगाला भेगा जातात. काही जण त्या धारदार पात्याने एकेक करून कोरतात. त्यानंतर झीज. माणूस बेस कशी धरतो हे ज्याला ठाऊक नाही त्याला ती जमणार नाही, कारण उजव्या हाताची कोपरापुढची बाजू वरच्या कडेवर टेकते तेथे, अंगठा पिकअपवर किंवा त्याच्या शेजारी विसावतो तेथे, आणि पाठीमागे पट्ट्याचे बकल घासते तेथे ती पडते. झीज एकदम लाकडापर्यंत जात नाही. आधी वरचा पारदर्शक थर जातो, मग रंग, मग खालचे अस्तर आणि शेवटी लाकूड, आणि या चारही थरांच्या कडा पायऱ्यांप्रमाणे एकमेकींत विरत जाव्या लागतात. उघडे पडलेले नवे लाकूड फिकट असते. त्यावर घाम, धूळ आणि धूर बसल्याचा भास व्हावा म्हणून तपकिरी रंग आणि तेल हाताने मुरवावे लागते. धातूचे भाग बंद डब्यात आम्लाच्या वाफेवर ठेवतात, किंवा फेरिक क्लोराइडमध्ये बुडवतात. हेच द्रावण सर्किट बोर्ड कोरण्यासाठी लॅमिंग्टन रोडवर कोठेही मिळते, त्यामुळे हौशी मुलांनी घरच्या गॅलरीत हे प्रयोग आरंभले आहेत. त्यांच्या पालकांना मी येथेच सांगतो की आम्लाची वाफ फुप्फुसांना अपायकारक आहे आणि नायट्रो लॅकर चटकन पेट घेतो.

या सगळ्याचा वाजवण्याशी काही संबंध आहे का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. माझे उत्तर असे की मानेचा आहे, बाकीच्याचा फारसा नाही. नव्या बेसच्या फिंगरबोर्डची, म्हणजे मानेवरच्या ज्या पट्टीवर तारा बोटांनी दाबतात तिची, कड धारदार असते. ती गोलसर केली आणि मानेच्या मागचा चकचकीत थर उतरवला, की मे महिन्यातल्या मुंबईच्या घामातही हात अडखळत नाही. चांगल्या वापरलेल्या वाद्याचे जे सुख असते, त्यातले निम्मे तरी तेथेच असते आणि ते कारागीर आठवडाभरात देऊ शकतो. पहिला ओरखडा पडण्याची धास्ती नसते, हाही एक लाभच म्हणायचा. पण ब्रिजवरचा, म्हणजे धडावर तारा टेकतात त्या धातूच्या भागावरचा, गंज निव्वळ देखावा आहे, आणि देखाव्यापेक्षा वाईट, कारण गंजलेल्या आट्यांचे स्क्रू फिरत नाहीत आणि तारांची उंची लावायची वेळ आली की दुरुस्ती करणाऱ्याला रडायची पाळी येते. समुद्राकाठच्या माणसाने गंजासाठी पैसे मोजावेत, हे मला कधीच समजलेले नाही. चार पावसाळे थांबले की तो फुकट मिळतो.

हे मी माझ्या पहिल्या बेसवरून सांगतो. १९८४ साली बोटीवर नोकरी करणाऱ्या शेजारच्या काकांनी ती आणून दिली. त्या काळी परदेशी वाद्य मिळवायचे तर असा कोणी काका असावाच लागे. जपानी बनावटीची, पॉलिएस्टरचा जाड थर असलेली. गणेशोत्सवातील किती मांडवांत, किती जत्रांत आणि किती लग्नांत ती वाजली याचा हिशेब नाही. तिचा रंग आजही जेथल्या तेथे आहे. हाताखालच्या जागेवर फक्त चकाकी गेली आहे. मात्र ब्रिजवर जेथे तळवा टेकतो तेवढ्याच भागाचा मुलामा उतरून हिरवट थर चढला आहे, डोंबिवलीच्या एका कार्यक्रमात स्टँडवरून पडली त्या जागी डोक्याचा कोपरा चेपला आहे, आणि पाचव्या व सातव्या पडद्यावर तारांनी चर पाडले आहेत, कारण वाद्यवृंदात ज्या पट्ट्यांत गाणी गायली जात, त्यांत बोटे तेथेच फिरत. यातली एकही खूण मी मुद्दाम केलेली नाही आणि एकीनेही वाद्याची शोभा वाढलेली नाही.

मोठ्या वादकांच्या वाद्यांचेही असेच आहे. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या असंख्य गाण्यांना खर्ज देणारे जेम्स जेमर्सन यांची प्रिसिजन बेस १९६२ ची होती, आणि तारा तुटल्याशिवाय ते बदलत नसत अशी त्यांची ख्याती होती. जाको पास्टोरियस यांच्या पडदे काढलेल्या १९६२ च्या जॅझ बेसच्या फिंगरबोर्डवर होड्यांना लावतात ते इपॉक्सी चढवलेले होते. त्या चिवट, चमकदार थरामुळेच तिचा तो गाणारा आवाज. १९८६ मध्ये ती चोरीला गेली आणि वीस वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये पुन्हा सापडली. पॉल मॅकार्टनी यांची १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये घेतलेली हॉफनर बेस १९७२ मध्ये लंडनमध्ये चोरीला गेली होती, ती परत मिळाल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले, तेव्हा हॉफनर कंपनीने ती तपासून खरी असल्याची ग्वाही दिली. अशा तपासणीत वाद्यावरचे घाव, भेगा आणि दुरुस्त्या हाच पुरावा असतो, अंगावरच्या तिळासारखा. फेंडरने जाको यांच्या बेसची झिजवलेली प्रतिकृती विक्रीला काढली होती. ती प्रतिकृती म्हणूनच विकली गेली, त्यामुळे कोणाचे काही बिघडले नाही.

बिघडते ते असे वाद्य पुढे दुसऱ्याला विकले जाते तेव्हा. गेल्या वर्षी एक तरुण वादक ‘बासष्टची जॅझ बेस’ घेऊन माझ्याकडे आला. एका विक्रेत्याकडून त्याने ती घेतली होती, आणि त्यासाठी आईचे दागिने गहाण पडले होते. बेस देखणी होती. मी मानेचे चार स्क्रू सोडले तेव्हा डोकी काळी असलेले ते स्क्रू आतून लखलखीत निघाले. त्या काळी फेंडरच्या कारखान्यात मानेच्या टाचेवर, म्हणजे धडात बसणाऱ्या टोकावर, तारीख घातली जाई; येथे ती जागा घासून कोरी केली होती. धडाला रंग देताना ते टेकवण्यासाठी खिळे ठोकत, त्यांची भोके मूळ वाद्यात सापडतात. येथे एकही नव्हते. फिंगरबोर्डवरचे ठिपके त्या काळच्या मळकट मातकट रंगाचे असायला हवेत, ते मोत्यासारखे चमकत होते. आवाजाच्या बटणाखालच्या भागावर कारखाना, वर्ष आणि आठवडा सांगणारे आकडे असतात, त्यांच्या जागी काहीच नव्हते, आणि आतल्या विजेच्या तारांना कापडी आवरणाऐवजी प्लॅस्टिकचे होते. शेवटी आणखी एक गोष्ट दिसली: वरच्या कडेवरची झीज सुंदर होती, पण अंगठ्याच्या जागेवर पिकअपचे झाकण नव्यासारखे काळेभोर होते. इतकी वर्षे हात टेकवणाऱ्याने अंगठा कोठे ठेवला असेल? मुलाला मी सांगितले की वाद्य चांगले आहे, वाजव. पण ते तुझ्यापेक्षा वयाने लहान आहे. तो बराच वेळ काही बोलला नाही.

त्यात ज्या कारागिराने ती बेस झिजवली त्याचा दोष मी धरत नाही. नाटकात पंचविशीतला नट केसांना पांढरे लावून आजोबा होतो, आणि आपण टाळ्या वाजवतो. तोच नट त्याच वेशात एसटीत चढून ज्येष्ठांचे अर्धे तिकीट मागू लागला तर वाहक ओळखपत्र मागेल. वाद्याचे ओळखपत्र ज्याने घासून टाकले, गुन्हा त्याचा आहे. गंमत अशी की ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथांच्या व्याख्येत जुना किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून दाखवण्याचा स्पष्ट उल्लेख आहे, पण नवा माल जुना म्हणून दाखवण्याचा तसा स्वतंत्र उल्लेख नाही. कायदा करणाऱ्यांच्या मनात असा ग्राहक आलाच नसावा, आणि त्यात त्यांची चूक नाही; आपल्याकडे जुना तंबोरा मिरजेला पाठवला की तो जवारी काढून, नवे पॉलिश होऊन परत येतो आणि घरात सगळे खूश होतात. मालाचा दर्जा, प्रकार किंवा नमुना यांविषयी खोटे सांगण्याचे कलम आहे, त्यात हे प्रकरण बसवता येईल. पण विक्रेता व्यापारी नसून ‘हौसेने विकणारा’ असला आणि पावती नसली, तर तेवढाही आधार उरत नाही. त्या मुलाकडे पावती नव्हती.

म्हणून माझी दोन मागण्यांची विनंती आहे. हाताने जुनी केलेली बेस विकणाऱ्या आपल्या येथील दुकानदारांनी आणि दुरुस्ती करणाऱ्या माझ्यासारख्यांनी बनावटीचे खरे वर्ष पावतीवर लिहावे आणि मानेच्या टाचेवरचा शिक्का किंवा क्रमांक कोणत्याही कारणाने घासू नये. ग्राहकाने आग्रह धरला तरी नाही. मला स्वतःला असा आग्रह दोनदा झाला आहे आणि दोन्ही वेळा मी काम परत केले. दुसरी विनंती आपल्याला आहे. वर्तमानपत्रातील छायाचित्र कापून ठेवणारे, पुढे ते ग्राहकाला दाखवून ‘पाहा, पेपरातही आले आहे’ म्हणणारे लोक असतात. त्यामुळे त्या छायाचित्राखालील ओळ पुढच्या रविवारी दुरुस्त करून छापावी. ‘१९६० च्या दशकातील जॅझ बेसच्या धर्तीवर अलीकडे बनवलेली, हाताने जुनी केलेली पाच तारांची बेस गिटार’ एवढे शब्द पुरेत, आणि ते त्याच जागेत मावतात; मी मोजून पाहिले आहेत.

आपला,
एक वाचक आणि बेसवादक,
दादर, मुंबई